मुक्या गाडीचा पावसाळा

नदीचं पाणी चढायला लागलं की आमच्या गावात जेवलात का असं कुणी कुणाला विचारत नाही, पाणी कुठवर आलं ते विचारतात. आज सकाळपासून मला तिघांनी विचारलं. दूध घालायला आलेल्यानं विचारलं, शेजारणीनं भिंतीवरून विचारलं, आणि सुनेनं तर शाळेतून फोन करून विचारलं, जशी काही मी नदीवर बसून आहे. म्हटलं, दारातनं दिसतंय तेवढं सांगते. खालच्या अंगाच्या उसाचे शेंडे अजून दिसतायत. शेंडे दिसतायत तोवर रस्ता आहे.

आमचं वडणगे नदीच्या ह्या अंगाला. शिवाजी पूल ओलांडला की कोल्हापूर. एरवी भाजी संपली म्हणून सुद्धा माणूस पुलापलीकडं जाऊन येतो. पण पाऊस लागून राहिला, धरणाचे दरवाजे उघडले, की पुलाच्या अलीकडचा सखल रस्ता आधी पाण्याखाली जातो. मग समोर दिसणारं शहर नुसतं दिसतं. रात्री दिवे दिसतात, दिवसा पाण्याच्या टाक्या दिसतात, आणि जाता येत नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी आहे. पांढरी होती, आता ताकाच्या रंगाची झालीय. दार उघडलं की ओल्या पोत्याचा वास येतो. पाऊस जोर धरतो तेव्हा मी एकदा तरी तिच्यात जाऊन बसते. कुठं जायचं नसतं, मला चालवताही येत नाही. किल्ली अर्धी फिरवायची आणि टेपला कान लावायचा. आत एक कॅसेट फिरत असते, तिचा अगदी बारीक खर्र खर्र आवाज येतो. त्या कॅसेटच्या पोटात फीत नाही. नुसतं खोकं आणि दोन चाकं. ती तशीच तिथं बसवलेली आहे आणि मी कुणाला काढू देत नाही.

ज्या पावसाळ्यात ती बसवली, त्याच्या आधी तीन महिने मालकांना मशीन सुरू झालं होतं. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं बायका तसंच म्हणतात, खरा मालक घरात कोण असतो तो भाग वेगळा. साखरेनं दोन्ही मूत्रपिंडं गेली. सोमवार, बुधवार, शनिवार असं आठवड्यातून तीन वेळा शहरात न्यायचं, चार तास मशीनवर झोपवायचं, रक्त बाहेर काढून धुऊन परत आत घालायचं. एवढंच. डॉक्टरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पाणी मोजून द्यायचं, आणि रोज सकाळी घोट्यावर बोट दाबून बघायचं, खड्डा किती वेळ राहतो ते. सगळा गाव नदीचं पाणी बघत होता, मी मालकांच्या पायातलं पाणी बघत होते.

मालकांनी सगळी उमर साखर कारखान्याच्या शेती खात्याची जीप चालवली. ऊस बघायला जाणारे साहेब मागं, हे पुढं. तालुक्यातला एक बांध असा नाही की जिथं त्यांची जीप रुतली नाही. निवृत्त झाल्यावर ही गाडी घेतली, जुनीच, आणि शाहूपुरीत जाऊन तिच्यात टेप बसवून घेतला. मागच्या काचेखाली दोन मोठे स्पीकर. मला वाटलं भजनं ऐकतील. ह्यांनी कुस्त्या लावल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं जत्रेला कुस्त्यांचं मैदान असतं. तिथं माइक घेऊन एक माणूस बसलेला असतो, तो कुस्ती बोलतो. कोण कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठ्या, कुठला डाव मारला, मध्येच कुणी इनाम लावलं ते, हरवलेलं पोर, सगळं तोच. मागं हलगी वाजत असते. साहेबांना घेऊन मालक गावोगाव फिरायचे तेव्हा वाटेत मैदान लागलं की टेपरेकॉर्डर कर्ण्याखाली ठेवायचे आणि सगळं भरून घ्यायचे. अशा पेटीभर कॅसेटी. घरात कुणाला त्यात गोडी नव्हती. कुस्ती बघायची असते, ऐकायची कशी? पण त्यांना डोळे मिटून दिसायची.

त्यातली एक कॅसेट त्यांच्या जिवाची. कुस्ती साधीच होती. ती ऐन रंगात येते, हलगी चढते, आणि माइकवरचा माणूस मध्येच खेकसतो, की शेती खात्याची जीप वाटेत आडवी कुणी लावलीय, पैलवानांची वाट अडलीय, ड्रायव्हर कुठं असेल तिथनं या. तो ड्रायव्हर म्हणजे आमचे मालक. कर्ण्याखाली टेप धरून बसले होते, जीप विसरले होते. हजार माणसांत झालेली शोभा, आणि ते ती पुन्हा पुन्हा ऐकायचे. दर वेळी त्या जागेला हसायचे. मी म्हणायची, लाज असलेला माणूस ही कॅसेट जाळून टाकंल. त्यावरही हसायचे.

मशीनला जाताना हीच वाजायची. जाताना आणि येताना. सून गाडी चालवायची, मी मागं डबा आणि पाण्याची मोजलेली बाटली घेऊन, मालक पुढं. त्यांचे डोळेही साखरेनं मंदावले होते, पण टेपच्या फिरवायच्या मुठी बोटांना पाठ होत्या. कॅसेट तेच घालायचे, उलटी तेच करायचे. गाडीतलं तेवढं एकच काम त्यांच्याकडं उरलं होतं.

जून संपता संपता एका बुधवारी परत येताना आवाज जड झाला. माइकवरचा माणूस झोपेत बोलल्यासारखा बोलायला लागला, मग थांबला. मालकांनी कॅसेट ओढली, ती आली, पण फीत आतच. ओढतील तसतशी तपकिरी फीत शेवयांसारखी बाहेर, चुरगळलेली, मध्ये तुटलेली. सगळी मांडीवर. ते आपल्या हातांकडं बघत बसले. हात थरथरत होते, मशीनवरून उठलं की थरथरायचेच.

आणि मी मागनं म्हणाले, "असल्या हातानं घालाय कुणी सांगितलं हुतं? सुनेला सांगायचं की."

बोलून गेले. घरी दुपारचा स्वयंपाक पडला होता, पाऊस गाडीत येत होता, कंटाळले होते. कारणं पुष्कळ आहेत. वाक्य एकच होतं.

त्या दिवसापासून त्यांनी हात काढून घेतले. कॅसेटची पेटी माळ्यावर टाकायला लावली. बाकीच्या तरी शाबूत राहू देत म्हणाले. चहात साखर नसतेच, पण चमचा ढवळायचा तोही ढवळेनात. शर्टाची बटणं मला लावायला लागली. हनुवटी वर करून उभे राहायचे, लहान पोरागत, आणि मी लावायची. बोलत काही नव्हते. मला वाटलं, बरं झालं, सांभाळून राहतात.

मग आषाढ लागला आणि पावसानं उसंत दिली नाही. ते दिवस आठवले की आधी वास आठवतो. न वाळलेल्या कपड्यांचा, चुलीतल्या ओल्या चिपाडाचा, रस्त्याच्या उंच अंगाला आणून बांधलेल्या म्हशींच्या शेणाचा. गोठे रिकामे करायला लोकांनी सुरुवात केली होती. आमच्या गल्लीत ज्याचे पावणे शहरात, त्याची पोरं आणि म्हाताऱ्या आधी हलायच्या. माझी धाकटी बहीण शिवाजी पेठेत राहते. तिनं निरोप धाडला की भावजींना घेऊन आताच या, मशीनचा दवाखाना इथनं जवळ आहे, रस्ता गेला तर काय करशील. डॉक्टरही तेच म्हणाले. एक पाळी चुकली तर निभावेल, दोन चुकवायच्या नाहीत.

शनिवारी सकाळी मी पिशव्या भरल्या. मालक खुर्चीतून उठले नाहीत.

म्हणाले, "मशीनवर चार तास मुडद्यागत पडायचं ते पडतो. पन मुक्या गाडीत बसून जायाचं, मेव्हणीच्या घरात मुकं बसायचं, परत मुकं यायचं. मला न्हाय जमायचं. तुमी जावा."

मी म्हटलं, "मुकी गाडी चालंना, आन् मुका झालेला माणूस घरात चालतोय व्हय?"

त्यांनी तोंड फिरवलं. ती पाळी चुकली.

रविवारी खड्डा भरायला इतका वेळ लागला की मी बोट काढून भाकरी उलटून आले तरी तो होता. तोंड सुजलं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकून बसवलं. खिडकीतनं उसाचे शेंडे दिसत होते, आदल्या दिवशीपेक्षा कमी. सोमवारची पाळी चुकली तर दोन होणार होत्या. मी देवापुढं बसले नाही. मला तसं बसायला जमत नाही, हात रिकामे राहिले की जास्त भ्या वाटतं. मी पितळेची भांडी काढून घासली, घासलेलीच.

सुनेचं डोकं चालतं. ती शाळेत मास्तरीण आहे. तिला आठवलं की दिवाळीत नातीनं आजोबांच्या काही कॅसेटी पुण्याला नेल्या होत्या आणि त्यातला आवाज एका डबीत भरून पाठवला होता. काडेपेटीएवढी डबी, तिला कानात घालायच्या वायरी. मालकांनी एकदा कानात घातल्या आणि काढून ठेवल्या होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं. डबीत माशी अडकलीय असं वाटतं म्हणाले. शिवाय कुस्ती पाठीमागनं ऐकू आली पाहिजे, मैदानात बसल्यासारखी. डबी कपाटात पडून होती. कुठल्या कॅसेटी तिच्यात आहेत, कुठल्या राहिल्या, कुणालाच ठाऊक नव्हतं. नातीला विचारलं, तर आजी, मी बघून कुठं भरल्यात, आल्या तशा भरल्या, म्हणाली.

सून म्हणाली, "आत्ती, डबी गाडीच्या टेपला जोडून घेऊया. मामा बसतील." आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात आणि सासऱ्याला मामा.

त्याच दुपारी आम्ही दोघी गाडी घेऊन शाहूपुरीत गेलो. रस्त्याच्या कडेला पाणी लागलेलं होतं, अजून वर आलं नव्हतं. पहिल्या दोन दुकानांत हसले. हा टेप फेका, म्हणाले, नवीन बसवून देतो, चकचकीत, बोट लावलं की चालतो. मी म्हटलं, ज्याला लावायचंय त्याला तुमचं चकचकीत दिसत नाही, त्याला मुठी लागतात. आणि हा टेप काढला तर मालक गाडीत पाय ठेवणार नाहीत, तसं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. तिसऱ्यानं एका गल्लीकडं बोट दाखवलं. तिथं जिन्याखाली बशीरभाई नावाचे एक म्हातारे रेडिओ दुरुस्त करत बसायचे. रविवारचेही बसायचे. मालकांच्याच वयाचे, डोळ्याला भिंग.

त्यांनी गाडीत वाकून टेप बघितला आणि म्हणाले, "वहिनी, ह्याला बाहेरचा आवाज आत घ्याय भोकच न्हाय. पाठीमागनं वायर घालाय लागंल. घालतो. पन ह्यो गडी लई इमानदार असतोय. पोटात कॅसेट गेल्याबिगर रेडिओ बंद करून दुसरा आवाज काढतच न्हाय. तवा त्याला एक कॅसेट पायजे. फिरती पायजे आन् मुकी पायजे."

मुकी कॅसेट कुठनं आणायची? सगळ्या कॅसेटी माळ्यावर, आणि सगळ्या बोलणाऱ्या. माझ्या पिशवीत ती टेपनं खाल्लेली कॅसेट होती, कागदात गुंडाळून. सांधता येते का विचारावं म्हणून आणली होती. बशीरभाईंनी ती उजेडाला धरली, मान हलवली. फीत गेली होती. पण खोकं कामाचं आहे म्हणाले. उरलेली फीत त्यांनी काढून टाकली, माझ्यासमोर, केसांचा गुंता टाकतात तशी, आणि चाकं तेवढी ठेवली.

मग त्यांनी टेप गाडीतून काढला, वरचा पत्रा उघडला, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि टेप उलटा करून दोन चापट्या मारल्या.

कागदावर तांदूळ पडले.

तांबडे, कुंकवात भिजून वाळलेले तांदळाचे दाणे. नंतर कुंकू, हळद, दोन काळ्या पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या. आणखी एक चापट, आणखी तांदूळ. बशीरभाईंनी भिंग वर केलं.

"वहिनी, ह्या टेपात कुणाचं लगीन लागलं हुतं काय?"

सून रस्त्याकडं बघायला लागली. तिला हसू येत होतं का रडू ते मला कळलं नाही. मला माहीत होतं.

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. कोयता, खुरपं, शिलाईचं मशीन, गाडी. मी दर वर्षी गाडीच्या तोंडाला हळदकुंकू लावायची, स्टेअरिंगला लावायची, आणि टेपला लावायची. टेपनं काय घोडं मारलंय? तोही राबतोच. आणि त्याला तोंड होतं. तोंड असलेल्या वस्तूच्या नुसत्या कपाळाला लावून पुढं जाणं माझ्या जिवाला पटत नाही. चिमूटभर अक्षता त्या झडपेतून आत सारायची. आत गेल्या की बरं वाटायचं. बारा-तेरा वर्षं, दर वर्षी एक चिमूट. मालक बघायचे, त्यांनाही त्यात वावगं वाटलं नाही.

बशीरभाईंनी सांगितलं की दाणे रबरी चाकात रुतलेत, चाक खरवडलंय, त्यानंच फीत ओढली. ते चाक आता मिळत नाही. वायर जोडून देतो, खोकं फिरेल, पण खरी कॅसेट ह्यात परत घालू नका, खाईल. हातांचा काही संबंध नव्हता. कुणाचेही हात असते तरी खाल्ली असती.

ते काम करत होते आणि मी स्टुलावर बसले होते. पावसाचं पाणी जिन्यावरून पायाशी येत होतं. टेपच्या पाठीला दोन वायरी लागलेल्या बघितल्या आणि मालकांच्या दंडातल्या दोन नळ्या डोळ्यांपुढं आल्या. ते मी बाजूला सारलं. मला दुसरंच खात होतं. घरी जाऊन सांगायचं का? सांगितलं तर चिडतील आणि हट्टानं गाडीत बसणार नाहीत, आणि सोमवार उद्यावर आलाय. न सांगितलं तर माणूस चांगले हात कामातून गेले म्हणून बसून राहील. मनाशी म्हटलं, आधी पूल ओलांडू दे.

परत निघालो तर गाडीत शिट्टी वाजायला लागली. हलगी येत होती, बोलणारा येत होता, पण त्याच्यावर एक बारीक शिट्टी. गाडी पळाली की वर चढायची, थांबली की खाली यायची. सुनेनं गाडी थांबवून मागं वळू का विचारलं. पुलावर पोलीस उभे होते, गावाकडं परतणाऱ्यांना लवकर चला म्हणत होते. मागं वळलो असतो तर पुन्हा गावात सोडतील याची खात्री नव्हती, आणि मालक घरी एकटे. तशीच शिट्टी वाजवत आलो. मला वाटलं, झालं. हे ऐकून म्हणणार, मुकी बरी होती.

गाडी दारात आली. मालक सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. माणसाचं बोलणं त्यांना दोनदा सांगायला लागायचं, पण इंजिनाचं सगळं ऐकू यायचं. म्हणाले, "शिट्टी कसली वाजतीया?"

सुनेनं सांगितलं काय काय केलं ते. तांदळाचं सोडून. ते ऐकत होते आणि मध्येच उठले. सुजलेल्या पायांनी पायरी उतरले. मी धरायला गेले तर हात झटकला, किती दिवसांनी. "आर्थिंगची वायर नीट बसली न्हाय," म्हणाले. "टेपची काळी वायर रंगावर आवळली असंल. पत्रा खरवडून त्याला लावाय पायजे. पाना आण. आन् पत्रा घासायचा पॉलिश पेपर."

अजून दिवस होता, पण आभाळ इतकं भरलेलं की सुनेला बॅटरी धरावी लागली. मालक आडवे होऊन डॅशबोर्डाखाली हात घालून. पत्रा खरवडल्याचा आवाज मध्येच थांबायचा, दम खायचा, परत सुरू व्हायचा. स्क्रू दोनदा पडला. दुसऱ्यांदा तो माझ्या पायाशी आला आणि मी उचलून त्यांच्या बोटांत दिला. मला तो त्यांच्या हातनं काढून सुनेकडं द्यावा असं वाटत होतं. तोंडात शब्द तयार होते, तेच जुने. मी गिळले. शेजारी छत्र्या घेऊन गोळा झाले आणि विचारायला लागले, पाणी कुठवर आलं बघितलंत का येताना. मी म्हटलं, गप ऱ्हावा जरा.

सुनेनं गाडी चालू केली. शिट्टी गेली होती.

मालकांनी मूठ फिरवली आणि मागच्या दोन्ही स्पीकरांतून हलगी आली. शेडचा पत्रा थरथरला. ते सीटवर टेकून बसले, दम लागलेला, डोळे मिटलेले. मी म्हटलं, उद्या उजाडायला निघायचं.

सकाळी ते आपणहून गाडीत जाऊन बसले. उसाचे शेंडे गेले होते. रस्त्यावर टायर बुडतील न बुडतील एवढं पाणी, दोन्ही बाजूंना तांबडी नदी पसरलेली, मधून खांबांच्या रांगेवरून रस्ता ओळखायचा. सून स्टेअरिंग घट्ट धरून, ओठ आवळून. पाण्याचा वास गाडीत भरला, कुजलेल्या पाल्याचा. मी पिशव्या मांडीवर घेऊन मागं. डबीतल्या कुस्त्या एकामागनं एक चालल्या होत्या, कुठली कधी येईल नेम नव्हता.

मी ठरवलं होतं की पुलावर सांगायचं. पुलावर माणूस चिडला तरी उतरून जाणार कुठं?

पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. पोलीस शिट्ट्या मारत होता, म्हशी चालवत नेणारे मध्येच, ट्रॅक्टरवर गाद्या आणि माणसं. खाली पाणी कमानींना भिडलेलं, बघवत नव्हतं. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात स्पीकरमधला माणूस खेकसला, "शेती खात्याची जीप कुणी आडवी लावलीया? पैलवानांची वाट अडलीया. ड्रायव्हर कुठं असंल तिथनं यावा."

ती होती. नातीनं न बघता भरलेल्यांत ती आली होती.

मालक आधी ताठ बसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. पुढं पोलीस काठीनं आमच्याच गाडीला बाजूला घ्या खुणावत होता, आणि ते काचेतून त्याला हात जोडून हसत होते. सून हसली. मी नाही हसले. माझं सांगायचं होतं.

मी सांगितलं. टेपात तांदूळ निघाले, मी सारलेले. खंडेनवमीचे. त्यानंच खाल्ली कॅसेट. बशीरभाईनं दाखवलं.

ते वळले नाहीत. मूठ फिरवून आवाज बारीक केला.

"म्हंजे माझं हात न्हवतं."

"न्हवतं."

"आन् तू म्हणलीस."

"म्हणले."

गाडी हातभर पुढं सरकली.

"बटणं लावलीस इतकं दीस."

"लावली की."

"उद्यापासनं मी लावणार."

पूल संपला. त्या संध्याकाळी रस्ता बंद झाला आणि आठ-नऊ दिवस बंदच राहिला. आम्ही बहिणीकडं होतो. मालक सोमवारी मशीनवर गेले, बुधवारी गेले, शनिवारी गेले. पेठेतल्या गल्लीत गाडी उभी करून काचा खाली घ्यायचे, तालमीतली पोरं गोळा व्हायची, अंगाला माती, आणि उभं राहून जुन्या कुस्त्या ऐकायची. मेव्हणीच्या घरात ते फक्त जेवायला आणि झोपायला असायचे. बटणं लावायला त्यांना पाऊण तास लागायचा. एक तर नेहमी चुकलेलं, एक बाजू वर आणि एक खाली. मी बघायची नाही. बघितलं तर हात पुढं जायचा.

त्यानंतर ते आणखी दोन पावसाळे होते. गेले ते माघात, कोरड्या दिवसांत, पुराचा काही संबंध नाही. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली, पण पाणी चढायला लागलं की माझं बोट अजून कुणाचा तरी घोटा शोधतं. मघाशी स्वतःचाच दाबून बघितला. चांगला आहे. सुनेचा परत फोन आला. शाळेला सुट्टी दिलीय, ती निघालीय, पिशवी भरून ठेवा म्हणाली. पिशवी कालच भरलीय. डबी पिशवीत सगळ्यात वर ठेवलीय.

त्या साली पूर ओसरून गेला, भिंतींवर चिखलाची रेघ राहिली, आणि दसरा आला. खंडेनवमीला मी ताट घेऊन शेडमध्ये गेले तर मालक आधीच गाडीत बसलेले. शर्टाची बटणं वाकडी. टेपच्या तोंडावर आडवी पांढरी चिकटपट्टी, दवाखान्यात हाताला लावतात तसली. जपून ठेवली असणार. एका कडेला सुरकुती होती, पण चारी अंगांनी दाबून दाबून बसवलेली. तांदळाचा एक दाणा आत गेला नसता.

ते मागं सरकून बसले आणि म्हणाले, "हं. आता घाल त्याला जेवाय."